पाच शब्द त्याला पाठच होते

प्रिय शहाण्या,

तू पाठवलेला फुलांचा गुच्छ मी जिन्यातच शेजारणीला देऊन टाकला. तिच्या नातीचा वाढदिवस होता, निदान तिथे तरी तो शोभला असेल. सोबतची चिठ्ठी मात्र दोनदा वाचली. महिनाअखेरीस हॉस्पिटलच्या सभागृहात आपल्या मित्राचा निरोप समारंभ, कोण कोण बोलणार ते तू ठरवलंयस, मानपत्र छापायला टाकलंयस, आणि त्याच्या भाषणाची मी काळजी करू नये, कारण ते तू लिहून देणार आहेस, त्याने फक्त वाचायचं. शेवटी घाईघाईत एक ओळ: तोवर त्याची ओपीडी चालू राहू दे, एकदम बंद केली तर लोक चार प्रश्न विचारतील. म्हणजे ज्या माणसाला स्वतःचं भाषण जमणार नाही याची तुला पक्की खात्री आहे, त्याने तोवर रोज सकाळी आजारी माणसांना औषधं लिहून द्यायची. ही ओळ लिहिताना तुला काहीच वाटलं नाही का रे? अक्षर तर नेहमीसारखंच वळणदार आहे.

हे सगळं मी फोनवरही बोलले असते. पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. 'अगं, जरा शांत हो' म्हणतोस आणि रुग्णांसाठी राखून ठेवलेला तो मऊ आवाज काढतोस. तो आवाज मी कॉलेजपासून ओळखते. तेव्हा तो तू मेसच्या मॅनेजरकडून जास्तीचं अंडं उकळायला वापरायचास. म्हणून हे पत्र. यात तुला मध्येच तोंड घालता येणार नाही.

आपण तिघं एकाच टेबलावर शरीरशास्त्र शिकलो. तोंडी परीक्षेत सरांनी तुला हृदय कोणत्या बाजूला असतं असं विचारलं आणि तू 'कोणाचं, सर?' म्हणालास, त्या दिवसापासून त्याने तुझं नाव शहाण्या ठेवलं. मी बुटकी आणि तिखट, म्हणून लवंगी. त्याला टोपणनाव द्यायचं मात्र कुणाला सुचलं नाही, तो नुसता पहिला यायचा. पुढे तू मेंदूकडे गेलास, मी भूल द्यायला लागले, आणि त्याने साधा फिजिशियन व्हायचं ठरवलं. त्याच्याबद्दल मला काय वाटायचं ते तुला सांगायला नको, आमच्या लग्नाआधी त्याला माझ्या चिठ्ठ्या तूच पोचवायचास. पण डॉक्टर म्हणूनही मी त्याच्या प्रेमात होते. रुग्ण दारातून खुर्चीपर्यंत चालत येईस्तोवर हा निम्मं निदान करून मोकळा. आणि तरीही त्याला पूर्ण बोलू द्यायचा, मध्ये घड्याळाकडे बघायचा नाही.

म्हाताऱ्या माणसांची स्मरणशक्ती तपासायची ती छोटी परीक्षा या हॉस्पिटलमध्ये सुरू केली ती त्यानेच, हे तुझ्यापेक्षा जास्त कुणाला माहीत असणार? पाच शब्द सांगायचे, मग दुसरं काहीबाही विचारायचं, घड्याळ काढून त्यात दहाला पाच कमी दाखवायला सांगायचं, आणि शेवटी ते पाच शब्द पुन्हा विचारायचे. कुलूप, लिंबू, पूल, चादर, निळा. त्याचे विद्यार्थी आमच्या घरी येऊन जेवणाच्या टेबलावर एकमेकांवर सराव करायचे. आमची लेक टेबलाखाली बसून ऐकायची. ती तर या शब्दांवर दोरीच्या उड्या मारायची. मला भाजी चिरताना ते आपोआप आठवायचे. त्या घरातल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारलं असतं तरी ते पाच शब्द सांगता आले असते.

मग ते सुरू झालं. आधी बारीकसारीक. एकच बातमी मला दोनदा वाचून दाखवणं, गाडीची किल्ली साखरेच्या डब्यात सापडणं. यावर आम्ही हसायचो सुद्धा. नंतर हसणं बंद झालं. तो एकाच रुग्णाला सकाळच्या फेरीत दोनदा तपासायचा आणि दोन्ही वेळा स्वतःची ओळख करून द्यायचा. एका म्हाताऱ्याच्या मुलाला त्याने सकाळी सांगितलं की वडील घरी जाऊ शकतात, आणि दुपारी त्यालाच सांगितलं की आशा नाही. तेव्हा नर्सेसनी तक्रार केली आणि हॉस्पिटलने त्याला तुझ्याकडे पाठवलं. मला सुटल्यासारखं वाटलं. म्हटलं, बरं झालं, आता हे शहाण्याच्या हातात आहे.

आणि तरीही, तुझ्यावर इतका विश्वास असूनही, मी आदल्या दिवशी तुझ्या खोलीत येऊन दार लावून घेतलं होतं. आठवतंय ना? मी हात जोडून सांगितलं होतं की ते नेहमीचे पाच शब्द वापरू नकोस. ते त्याच्या हाडीमाशी भिनलेत, बाकीचं सगळं पुसलं गेलं तरी ते शेवटपर्यंत राहतील. त्याच परीक्षेचे दुसरे संच असतात, तुझ्या टेबलाच्या खणात ते होते, मागे एकदा तूच मला कौतुकाने दाखवले होतेस. आणि घड्याळातली वेळही बदल म्हटलं होतं. तू काय म्हणालास? 'लवंगी, तू बायको आहेस, उगाच डॉक्टरकी करू नकोस.' आणि हसलास.

दुसऱ्या दिवशी मी तुझ्या दाराबाहेर बाकावर बसले होते. आतून तुमच्या दोघांच्या हसण्याचा आवाज येत होता. तो बाहेर आला तो निकालाच्या दिवशीसारखा छाती काढून. गाडी मी चालवत होते. शेजारी बसून त्याने मला शब्द म्हणून दाखवले: कुलूप, लिंबू, पूल, चादर, निळा. पुढच्या सिग्नलला त्याने माझा हात हातात घेतला, थोपटला, आणि अगदी काळजीच्या आवाजात विचारलं, 'मग, शहाण्याने काय सांगितलं तुझं? घाबरू नकोस, मी आहे ना.' त्याला वाटत होतं की तो मला तपासायला घेऊन गेला होता. मागच्या गाड्या भोंगे वाजवत राहिल्या, मला गिअर टाकायचं सुचेना. मी घरी आल्या आल्या तुला हे फोनवर सांगितलं. तोवर तू सही करून मोकळा झाला होतास. वयाच्या मानाने उत्तम, कामास योग्य.

तू एखाद्या मुलाला त्यानेच काढलेली प्रश्नपत्रिका सोडवायला दिलीस आणि वर त्याला पहिला नंबर दिलास. हे अज्ञानातून झालं असतं तर मी गप्प बसले असते. तुला माहीत होतं. मी सांगितलं होतं. त्या दिवसानंतर माझ्या घरात माझं तोंडच बंद झालं. मी काही म्हटलं की तो तुझा कागद पुढे करायचा. शहाण्याने सही केलीय, म्हणायचा, तपासायचंच असेल तर तू स्वतःला तपासून घे. मी अधीक्षकांकडे गेले, तर ते म्हणाले, तज्ज्ञांचा अहवाल आहे, मॅडम, घरातल्या कुरबुरी इथे कशाला आणता? घरातल्या कुरबुरी! जणू मी त्याच्या घोरण्याची तक्रार घेऊन गेले होते.

तू असं का केलंस याचा मी खूप विचार केला. मैत्री, हे तू सांगशील. मी तेही मानलं असतं. पण मला ती डॉक्टरांची सभा आठवते. पासष्टीनंतर प्रत्येक डॉक्टरची दरवर्षी अशी तपासणी व्हावी, असं ती नवी सर्जन मुलगी उठून म्हणाली. विमान चालवणाऱ्यांची होते, मग आपली का नको, असं तिने साधंसरळ विचारलं होतं. त्यावर तू अर्धा तास बोललास. अनुभवाचा अपमान, पांढऱ्या केसांचा अपमान, काय काय म्हणालास. टाळ्या पडल्या. ती पोरगी लाल चेहऱ्याने खाली बसली. मी मागून तुझ्याकडे बघत होते आणि मला वाटलं, अरे, हा घाबरलाय. आज त्याच्यावर शिक्का मारला तर उद्या आपल्यालाही त्याच खुर्चीत बसावं लागेल, हे तुला दिसत होतं. तू त्याला नाही वाचवलंस, शहाण्या. तू स्वतःची पाळी पुढे ढकललीस.

आता गेल्या महिन्याचं सांगते. यातलं थोडं तुला कळलंय, पण तुझ्यापर्यंत आलं ते धुऊनपुसून आलंय. दुपारी मला आयसीयूतून बोलावलं. एका बाईंना श्वास घेता येत नव्हता, घशात नळी घालायची होती. भूल देणाऱ्यांना अशी बोलावणी रोजचीच. मी त्यांचं तोंड उघडलं आणि आत पाहिलं. ओठांपासून घशापर्यंत सगळं सोलून निघालं होतं, नुसता उघडा मांसाचा भाग, जागोजागी रक्त. आयुष्य घसे बघण्यात गेलं, पण असा कधी पाहिला नव्हता. नळी घातली आणि मग चेहऱ्याकडे पाहिलं. लेकीच्या शाळेतल्या गाण्याच्या बाई. आमच्या बेसूर कार्टीला ज्यांनी वर्षभर न रागावता सूर लावायला शिकवलं, त्या. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्या होत्या. सांधेदुखीसाठी त्या त्याच्याकडे कित्येक वर्षं यायच्या, आणि ती पिवळी गोळी घ्यायच्या. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर काय होतं ते माझ्यासमोर पडलं होतं.

त्यांचा कागद तिथे आलेल्या प्रत्येकाने पाहिला होता. रोज एक, असं स्पष्ट लिहिलेलं, त्याच्या अक्षरात. रेसिडेंटने पाहिलं, सिस्टरने पाहिलं, अधीक्षकांनी पाहिलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग मान दुसरीकडे वळवली. संध्याकाळी घरी आल्यावर मी त्याला सहज विचारावं तसं विचारलं, सांधेदुखीची ती पिवळी गोळी कशी देतोस रे? पेपर खाली न ठेवता तो म्हणाला, रोज एक. सकाळी नाश्त्याच्या वेळी पुन्हा विचारलं, तर मी वेडी असल्यासारखं माझ्याकडे बघत म्हणाला, आठवड्यातून एकदा, अर्थात, रोज दिली तर माणूस मरेल ना. आणि पावाला लोणी लावू लागला. मी उठून न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि ओरडले. बाई दोन-तीन दिवसांनी गेल्या.

तेव्हा तुझा फोन आला. 'त्याला सांभाळून घे' म्हणालास. इतकी वर्षं हेच ऐकतेय. रेसिडेंट त्याने लिहिलेलं गुपचूप बदलतात, ते सांभाळून घेणं. सिस्टर त्याच्या मागोमाग फिरून रुग्णांना खरं काय ते सांगतात, तेही सांभाळून घेणं. तुझी सही म्हणजे तर सांभाळून घेण्याची कमालच. या सगळ्यात त्या बाईंना कोणी सांभाळलं रे? मग तू म्हणालास, त्याचं काम काढून घेतलं तर तो मरेल गं. त्याचं काम काढून घेतलं नाही म्हणून दुसरंच कोणीतरी मेलं, हे मी तेव्हा म्हणायला हवं होतं, पण मी रागाने फोन ठेवून दिला. आज लिहिते. दुसरंच कोणीतरी मेलं.

मला त्याचाही राग येतो, समजलास? भयंकर येतो. पण मी भांडायला उभी राहते आणि समोर तो पुरता नसतोच, मग अर्ध्यावर थांबावं लागतं. तो निर्मळ चेहऱ्याने विचारतो, काय झालं, दमलीस का? अशा माणसावर ओरडायचं तरी कसं? म्हणून सगळा राग तुझ्या वाट्याला आलाय. तू तर शाबूत आहेस. तुला सगळं आठवतं.

परवा मी डॉक्टरांच्या नोंदणी मंडळाकडे लेखी तक्रार दिली. त्याच्या विरोधात दिली, आणि तुझ्याही. तुझ्या दाराबाहेरच्या बाकापासून त्या घशापर्यंत सगळं लिहिलं. लेक सोबत आली होती, तिनेही सही केली. तिथून थेट अधीक्षकांच्या टेबलावर प्रत नेऊन ठेवली. आता मात्र त्यांना घरातली कुरबुर दिसली नाही, तासाभरात ओपीडीच्या दारावर त्याच्या नावापुढे 'रजेवर' लागलं. तो आज सकाळपासून बूट घालून पलंगाच्या कडेवर बसलाय, गाडी कधी काढतेस विचारतोय. मी दर वेळी सांगते की आज सुट्टी आहे. तो म्हणतो, मग उद्या. मी हो म्हणते. तुझा समारंभ रद्द कर. मानपत्राचे पैसे गेले तर जाऊ देत. सहानुभूतीचा एक शब्द मला नको आहे, आणि तू रागावणार असशील तर खुशाल रागाव, मला त्याची पर्वा नाही.

पण हे पत्र तेवढ्यासाठी नाही लिहिलं. तक्रारीचं तुला मंडळाकडून कळलंच असतं. काल मी गाण्याच्या बाईंच्या घरी गेले होते. त्यांचे यजमान एकटेच आहेत. बैठकीच्या खोलीत अजून लहान मुलांच्या उंचीच्या खुर्च्या ओळीने मांडलेल्या आहेत, त्यातल्याच एकीवर ते गुडघे जवळ घेऊन बसले. बाईंची बोटं आखडायची, म्हणून गोळी तेच काढून हातावर ठेवायचे, सोबत पाण्याचा पेला. हॉस्पिटलने तो कागद ठेवून घेतलाय आणि त्यांना सांगितलंय की औषध देण्यात घरी गफलत झाली. ऐकतोयस ना? त्या माणसाने तुझ्या मित्राला विचारलं होतं, साहेब, आधी आठवड्यातून एकदा होती, आता रोज का? आणि आपला पहिला नंबर म्हणाला होता, हो, आता रोजच देतात. तरीही ते मला हेच सांगत राहिले की त्यांनीच ऐकण्यात चूक केली असणार, एवढे मोठे डॉक्टर असं कसं सांगतील. आणि मग म्हणाले, 'मी एक दिवससुद्धा चुकवली नाही हो.' मी त्यांना सगळं खरं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. म्हणाले, तुम्ही त्यांच्या बायको, तुम्हाला माझं वाईट वाटतंय म्हणून असं बोलताय. मग विचारलं, तुमच्या यजमानांना तपासणारे डॉक्टर कोण? मी तुझं नाव आणि पत्ता लिहून दिला. गुरुवारी सकाळी ते तुझ्याकडे येणार आहेत. भांडायला नाही, त्यांना भांडता येत नाही. त्यांना फक्त विचारायचंय की तिला मी मारलं का. माझ्यावर त्यांचा विश्वास नाही, तुझ्यावर बसेल, म्हणून तुला आधी कळवलं. त्यांना बाहेर बसवून ठेवू नकोस, तो मऊ आवाज काढू नकोस. दार लावून घे, त्यांच्यासमोर बस, आणि नाही म्हण. मग कोणी मारलं तेही सांग.

तुझीच (हे अजून खोडलेलं नाही),
लवंगी